एसी नको, भिंत फोडा

माझं काम एसीचं. मॉल, ऑफिसं आणि गेल्या काही वर्षांत नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यात एकामागून एक उभी राहिलेली डेटा सेंटरं, यांच्या हवेचा हिशोब मी करते. किती हवा आत घ्यायची, कुठून घ्यायची, कुठून बाहेर सोडायची. यंत्रांना ताप येऊ नये म्हणून खपणाऱ्या बाईचा क्षयरोगाशी काय संबंध, हा प्रश्न मलाही पडला होता. आमच्याच सोसायटीत राहणारी एक मैत्रीण समाजकार्याच्या कॉलेजात शिकवते. ती म्हणाली, “अगं, डॉक्टर आहेत, आकडेवाले आहेत, आहारवाल्या आहेत, हवेचं कुणी नाही. आणि हा रोग पसरतो हवेतून.” यावर नाही कसं म्हणायचं ते सुचलं नाही, म्हणून गेले.

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या डोंगराकडच्या अंगाला ज्या वस्त्या उतारावर चढत गेल्यात, त्यांतल्या एकीत एका धर्मादाय ट्रस्टचा दवाखाना आहे. वस्तीचं नाव लिहीत नाही, ट्रस्टचंही नाही. क्षयाचा उल्लेख वस्तीच्या नावाला चिकटला की तिथल्या पोरींच्या सोयरिकी अडतात, हे मला पहिल्याच भेटीत बजावण्यात आलं. एका देणगीदारानं या दवाखान्याला वर्षभराचे पैसे दिले होते. अट अशी, की निरनिराळ्या विषयांतल्या लोकांनी मिळून वस्तीतल्या क्षयावर काहीतरी टिकाऊ करून दाखवावं, आणि ते सगळ्यांत गरीब घरापर्यंत पोचावं. म्हणून हा गट जमला. छातीच्या डॉक्टर मॅडम, सांख्यिकीचे निवृत्त प्राध्यापक, ज्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत, एक आहारतज्ज्ञ, माझी मैत्रीण, वस्तीतल्या दोन आशाताई आणि मी. माझं बारसं लगेच झालं. ‘एसीवाल्या मॅडम’. दवाखान्यात एसी बसणार ही बातमी संध्याकाळपर्यंत वरच्या गल्लीत पोचलीसुद्धा होती.

सुरुवातीच्या बैठका म्हणजे पीपीटी, चहा आणि पुढची तारीख. मॅडमनी मधेच औषध सोडणाऱ्यांचं सांगितलं की सर विचारायचे, “छेदस्थानी काय घेतलंत?” आहारतज्ज्ञ प्रथिनांचा तक्ता दाखवायच्या, मी वायुवीजनाची आकृती. सगळं बरोबर होतं आणि कशाचा कशाशी संबंध नव्हता. आशाताई मांडीवर रजिस्टर घेऊन बसायच्या, त्यांना कुणी पीपीटी करायला सांगितलीच नव्हती. जगातल्या दर चार क्षयरुग्णांपैकी साधारण एक आपल्या देशात आहे, हे वाक्य मी त्या काळात इतक्यांदा ऐकलं की त्याचं काही वाटेनासं झालं.

गाडी हलली ती मीटरमुळे. आमच्या कामात कार्बन डायऑक्साइड मोजायचं हातात मावणारं यंत्र असतं. ऑफिसात लोक पेंगायला लागले की आम्ही ते लावतो. बाहेरच्या मोकळ्या हवेत हा वायू सध्या साधारण ४२० पीपीएम असतो, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग. आपण सोडलेल्या उच्छ्वासात मात्र तो चाळीस हजारांच्या आसपास. त्यामुळे बंद खोलीतला आकडा किती चढला यावरून त्या हवेतला किती हिस्सा आधीच कुणाच्या तरी छातीतून जाऊन आलाय, हे काढता येतं. दवाखान्याच्या प्रतीक्षा हॉलमध्ये भर गर्दीत मीटरनं दोन हजार चारशेच्या आसपास दाखवलं. मी तिथल्या तिथं गणित करून सांगितलं, “या हॉलमधल्या दर वीस श्वासांतला एक श्वास दुसऱ्याचा उष्टा आहे.”

मॅडम तोवर मोबाइल बघत होत्या. त्यांनी मान वर केली. “माझ्या केबिनमध्ये लावा बघू.”

केबिन छोटी, दार बंद, खिडकीला काळी फिल्म, स्प्लिट एसी. आकडा हॉलपेक्षा वर गेला. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच थंड करून परत फिरवतो, हे एसीच्या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ असतं आणि एसी विकत घेणाऱ्याला क्वचितच कुणी सांगतं. छताच्या पंख्याचंही तेच, तो हवा ढवळतो, बदलत नाही. मॅडम म्हणाल्या, “म्हणजे दिवसभर मी पेशंटचीच हवा पितेय. आणि एसी बंद करा म्हणालात, तर मे महिन्यात या खुर्चीत तुम्ही बसायचं.”

त्या दिवसापासून मॅडमना माझ्या विषयात रस वाटायला लागला. त्यांनी मला बाल्टिमोरच्या गिनीपिगांची गोष्ट सांगितली. १९५०च्या दशकात रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या एका रुग्णालयात क्षयाच्या वॉर्डमधली हवा पाइपातून वरच्या मजल्यावरच्या पिंजऱ्यांकडे नेली. गिनीपिगांचा रुग्णांशी कसलाच स्पर्श नाही, फक्त त्यांची हवा. तरी त्यांना क्षय झाला. रोग हवेतूनच जातो हे पक्कं झालं ते त्या पाइपामुळे. मी इतकी वर्षं डक्ट काढतेय, आणि वैद्यकातला इतका मोठा पुरावा एका डक्टवर उभा आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बदल्यात मी त्यांना पेरूमधल्या लिमाच्या रुग्णालयांचा २००७ सालचा अभ्यास वाचायला दिला. तिथं दारं-खिडक्या उघडल्या की खोलीतली हवा तासाला साधारण २८ वेळा बदलत होती, यंत्रानं हवा खेचणाऱ्या खास खोल्यांमध्ये १२ वेळा. जुन्या, उंच छताच्या इमारती नव्या इमारतींपेक्षा सरस निघाल्या. माझ्या धंद्याला हा अभ्यास फारसा सोयीचा नाही.

मग आम्ही घरांकडे वळलो. एक आशाताई मला पहिल्यांदा वरच्या गल्लीत घेऊन गेल्या तेव्हा मी मीटरची पिशवी छातीशी धरून चालत होते, कारण गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली की एकाला कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढावं लागतं. खोल्या दहा बाय दहाच्या. तीन भिंती शेजाऱ्यांशी सामाईक, चौथीत दार. वर पोटमाळा, आणि बहुतेक ठिकाणी तो वेगळ्या कुटुंबाला भाड्यानं दिलेला. खिडकी म्हणजे दारावरची वीतभर जाळी, तीही डासांमुळे पुठ्ठा लावून बंद. एका घरात रात्रभर मीटर ठेवला. सकाळी बघितलं, आकडा पहाटे तीन हजारांच्या वर जाऊन आला होता. मी उत्साहानं छताजवळ झरोका पाडायची डिझाइनं केली, खर्चही फार नव्हता.

पण खोल्या भाड्याच्या. भिंतीला भोक पाडायला घरमालकाची परवानगी हवी. एका मालकानं हसत परवानगी दिली. “पाडा की. पुढच्या महिन्यापासून भाडं वाढेल, खोली सुधारली ना.” भाडेकरू बाई माझ्याकडे बघून म्हणाली, “ताई, राहू दे. आम्हाला सवय आहे.” परतताना मैत्रीण म्हणाली, “तू हवा आणशील, पण त्या हवेचं भाडं कोण भरणार?” आमच्या क्षेत्रात खर्चाचे दोन रकाने असतात, बसवण्याचा आणि चालवण्याचा. बसवल्यामुळे माणूसच त्या जागेतून उठतो, असा रकाना मी कधी काढला नव्हता.

मॅडमनी यावर वेगळंच पाणी फिरवलं. त्यांचं म्हणणं, घरातला झरोका चांगलाच, पण क्षय पसरतो तो मुख्यतः निदानाच्या आधी. औषध सुरू झालं की रोग पसरवण्याची ताकद झपाट्यानं उतरते. १९५६ला मद्रासमध्ये सुरू झालेल्या प्रयोगाचा त्यांनी दाखला दिला. शहरातल्या गरीब वस्त्यांतल्या १९३ रुग्णांपैकी काहींना सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरुग्णांच्या खास आरोग्यधामात ठेवलं, काहींना घरीच औषध दिलं. सॅनेटोरियममध्ये खाणं चांगलं, विश्रांती भरपूर. घरी गर्दी आणि काबाडकष्ट. तरी वर्षाअखेरीस गुण जवळपास सारखाच आला, आणि पुढे कित्येक वर्षं नजर ठेवली तरी घरी उपचार घेणाऱ्यांच्या नातेवाइकांना जास्त क्षय झाला नाही. जगभरातली सॅनेटोरियमं बंद पडायला या निकालाचा मोठा हात लागला. “तेव्हा प्रश्न असाय,” मॅडम म्हणाल्या, “खोकला सुरू झाल्यापासून पहिल्या गोळीपर्यंत माणूस कुठे-कुठे बसतो? आणि त्यातली एक जागा आपला हॉल आहे. तो तर आपल्या मालकीचा आहे ना?”

इथं सर जागे झाले. त्यांनी सांगितलेली गोष्ट मला गटातल्या सगळ्या चर्चांपेक्षा जास्त उपयोगी पडली. बेंगळुरूला १९५९ साली राष्ट्रीय क्षयरोग संस्था निघाली. तिथं डॉक्टर, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, सांख्यिकीवाले आणि समाजशास्त्राच्या अंगानं बघणारे एकाच प्रश्नावर काम करत होते. तोवरचा समज असा, की खेड्यातल्या अडाणी माणसाला रोग कळत नाही, म्हणून गाडीवर एक्स-रे यंत्र टाकून दारोदार फिरावं. डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी लोकांनाच जाऊन विचारलं. १९६३मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं, की थुंकीत जंतू असलेल्या बहुतेकांना आपल्याला काहीतरी होतंय हे नीट माहीत होतं, आणि त्यातले निम्म्याच्या आसपास लोक दवाखान्यात जाऊनही आले होते. तिथं त्यांचा क्षय कुणी ओळखलाच नव्हता. मग राष्ट्रीय कार्यक्रमाची आखणीच बदलली. क्षयाचं काम वेगळ्या फिरत्या पथकाकडे न देता साध्या दवाखान्यात आलं. त्या काळात भारतात क्षयावर काम करणारे हाफडान माहलर पुढे जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक झाले, आणि १९७८ची आल्मा-आटाची प्राथमिक आरोग्याची घोषणा त्यांच्याच कारकिर्दीतली.

“साठ वर्षं झाली,” सर म्हणाले, “आपणही पीपीटी बंद करू आणि विचारू.”

सरांनी लांबलचक कागद जोडून एक पट्टा केला. उपचार घेणाऱ्या प्रत्येकाची पहिल्या खोकल्यापासून पहिल्या गोळीपर्यंत एक आडवी ओळ, नाव नाही. पहिला खोकला कधी, मग कुठे गेलात, मग कुठे. प्रश्न विचारायचं काम आशाताईंचं, कारण आम्हाला लोक शहाण्यासारखी उत्तरं देत. ताईंना खरी मिळत. पट्टा भिंतीवर लावला तेव्हा सगळ्या ओळींत एकच वाट दिसायला लागली. नाक्यावरचं मेडिकल आणि खोकल्याची बाटली. फरक नाही पडला की गल्लीच्या तोंडाशी बसणारा डॉक्टर, त्याची अँटिबायोटिकं. जरा बरं वाटलं की परत कामावर. काहीजण मधेच गावी जाऊन आलेले, जालन्याला, गुलबर्ग्याला, आझमगडला. मॅडमनी काही ओळींवर बोट ठेवलं. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं क्षयाच्या जंतूंनाही थोडी दाबतात, चार दिवस बरं वाटतं आणि निदान लांबतं. एका ओळीतला माणूस पूर्वी दगडखाणीत होता. सिलिकाची धूळ छातीत बसलेल्याला क्षयाचा धोका कितीतरी वाढतो, पण खाणीत होतात का, हा प्रश्न दवाखान्याच्या केसपेपरवर नव्हता. आता आहे.

तरीही मुख्य गोष्ट ताई बोलल्या तेव्हाच उमगली. “मॅडम, तुम्ही हवा सकाळी दहाला मोजता. सकाळी दहाला खोकणारी माणसं इथं नसतातच. ती नाक्यावर असतात, रोजंदारीच्या कामासाठी उभी. इथं असतात त्यांच्या बायका, पोरांना घेऊन.”

मग मैत्रिणीनं हिशोब मांडला. थुंकीची तपासणी मोफत, औषध मोफत. पण एक नमुना आल्या-आल्या द्यायचा, दुसरा सकाळचा, तो दुसऱ्या दिवशी, आणि रिपोर्टला परत यायचं. दवाखाना उघडायचा नवाला, नाका भरतो सातला आणि साडेआठला मुकादम माणसं घेऊन निघून गेलेला असतो. म्हणजे मोफत तपासणी तीन खाड्यांना पडते. लागोपाठ तीन खाडे टाकणाऱ्याला मुकादम चौथ्या दिवशी बोलवत नाही. माणूस बाटलीवर भागवतो ते अडाणीपणानं नाही, गणित करून. आमच्यापैकी कुणीही त्याच्या जागी तेच केलं असतं.

इथून पुढे आम्ही एकमेकांच्या कामात खरोखर हात घालायला लागलो. मॅडमनी आठवड्यातून दोन दिवस ओपीडी संध्याकाळी घ्यायचं कबूल केलं. नमुन्याची डबी ताई आदल्या संध्याकाळी घरी देऊन येणार आणि सकाळी गोळा करणार. मुकादमासमोर डबी द्यायला कुणी तयार होईना, म्हणून वेळ ठरली पाण्याची. वस्तीत पहाटे नळाला पाणी येतं तेव्हा सगळं जागं असतं, बायका हंडे घेऊन बाहेर, कोण कुणाच्या दारात कशाला आलंय इकडे लक्ष नसतं. डबी कापडी पिशवीत जायची. ट्रूनॅट नावाचं आपल्याकडेच, गोव्याच्या कंपनीनं तयार केलेलं बॅटरीवर चालणारं यंत्र आहे. त्यावर त्याच दिवशी निकाल मिळतो, रिफॅम्पिसिन हे क्षयावरचं मुख्य औषध लागू पडेल की नाही हेही कळतं. ज्या केंद्रात ते आहे तिथवर नमुने न्यायला रोजची एक रिक्षा ठरवली. संध्याकाळी फोन. तीन खाड्यांचा एकही खाडा उरला नाही.

आणि तिथं माझं सगळं डिझाइन कोसळलं. मी हॉलचा हिशोब दुपारच्या वाऱ्यावर केला होता. आमच्याकडे दुपारी खाडीकडून, पश्चिमेकडून छान वारा येतो आणि डोंगराकडे चढतो. सूर्य बुडाला की तो पडतो. संध्याकाळच्या ओपीडीला हॉल गच्च, वारा शून्य, आकडे सकाळपेक्षा वाईट. पावसाळ्यात त्यात भर, नैर्ऋत्येकडून झोडपणारा पाऊस आत येतो म्हणून पश्चिमेच्या जाळ्यांवर जून ते सप्टेंबर निळी ताडपत्री. वर्षातले चार महिने वाऱ्याची एकमेव वाट बंद.

उपाय हॉलमध्ये बसलेल्या एका माणसानं सांगितला. रबाळे एमआयडीसीत पत्र्याच्या शेडमध्ये कामाला होता. मी छताकडे बघून वहीत काहीतरी खरडतेय हे पाहून म्हणाला, “मॅडम, आमच्या कंपनीच्या पत्र्यावर तो लट्टू फिरतो ना, तो लावा. लाइट लागत नाही.” टर्बो व्हेंटिलेटर! ठाणे-बेलापूर रस्त्यावरून जाताना दर दुसऱ्या शेडवर तो चमकताना दिसतो, मी रोज बघते. दिवसभर तापलेला पत्रा संध्याकाळीही गरम असतो, त्याखालची हवा वर चढतेच, आणि वाऱ्याची झुळूक आली तर लट्टू तिला आणखी खेचतो. पण वरून हवा बाहेर जायची तर खालून आत यायला वाट हवी. म्हणजे पूर्वेची, डोंगराकडची बंद भिंत खालच्या अंगाला फोडायची, आणि पश्चिमेच्या जाळ्यांवर ताडपत्रीऐवजी पाऊस अडवून वारा सोडणारे तिरके पत्रे बसवायचे.

हे मी ट्रस्टच्या बैठकीत मांडलं तेव्हा विश्वस्तांचे चेहरे पडले. कारण एक दानशूर गृहस्थ हॉलसाठी स्प्लिट एसी द्यायला तयार होते. एसीला पाटी लावता येते, ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. भिंतीतल्या भोकाला पाटी कुठे लावणार? शिवाय जो तो विचारायचा, एसीवाल्या बाईच एसी नको म्हणतायत? पैशांचा घोळही होताच. देणगीत औषध, चाचणी, प्रशिक्षण यांना रकाने होते, गवंड्याला नव्हता. गवंडी ‘आरोग्य’ या शीर्षाखाली बसत नाही. शेवटी मॅडमनी एका पानाचं पत्र लिहिलं, की बंद हॉलमध्ये एसी लावून संध्याकाळची ओपीडी घ्यायची असेल तर मी ती घेणार नाही. अभियंत्याचं म्हणणं डॉक्टरच्या लेटरहेडवर गेलं की त्याला वजन येतं, हे मला आवडलं नाही, पण भिंत फुटली.

दानशूर गृहस्थांचं काय करायचं हे एका विश्वस्तांनीच सोडवलं. दवाखान्यासमोरच्या मोकळ्या ओट्यावर पत्र्याची शेड टाकायची, रांग तिथं बसवायची. शेडवर पाटी केवढीही मोठी लावता येते, रस्त्यावरूनही दिसते. गृहस्थ खूश, आणि मला माझ्या कुठल्याही डिझाइनपेक्षा चांगली हवा मिळाली, उघड्यावरची. सगळ्यांत स्वस्त बदल मात्र खर्चाच्या यादीत आलाच नाही. ताई रांगेत फिरून दोन आठवड्यांहून जास्त खोकला कुणाला आहे ते विचारते, त्याला मास्क देते आणि सगळ्यांच्या आधी आत सोडते. हवेतून पसरणाऱ्या संसर्गाच्या आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना २०१० साली आल्या, त्यात हे स्पष्ट लिहिलंय. सुरुवातीला रांगेतून ओरड झाली. मग लोकांच्या लक्षात आलं की खोकणारा जितका लवकर जाईल तितकं आपलंच बरं. केबिनमध्ये टेबल फिरवलं, मॅडमच्या पाठीशी खिडकी आली, काळी फिल्म निघाली, आणि एक पंखा त्यांच्या मागून पेशंटकडे आणि दाराकडे. एसी आहे तिथंच आहे. मे महिन्यात त्या तो लावतात, खिडकी किलकिली ठेवून. विजेचा अपव्यय म्हणून मला हे बघवत नाही, पण मी काही बोलत नाही.

आता हॉलमधला आकडा बहुतेक वेळा आठशेच्या आत असतो.

खाण्याचा विषय मी थोडक्यात उरकते, तो माझा नाही. पण त्यातला एक भाग सांगायलाच हवा. झारखंडमध्ये २,८०० क्षयरुग्णांच्या घरांत केलेला मोठा प्रयोग २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाच्या घरच्यांना दरमहा तांदूळ-डाळीची शिधापिशवी दिली, तर त्यांच्यात नव्यानं होणारा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला, आणि फुप्फुसाचा, थुंकीतून सिद्ध झालेला, ४८ टक्क्यांनी. एका पिशवीनं एवढं होतं हे ऐकून सरसुद्धा छेद विचारायचे विसरले. सरकार रुग्णाला पोषणासाठी थेट खात्यात पैसे देतं, २०१८पासून महिना ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४पासून १,०००. आमच्या वस्तीतली अडचण अशी, की कित्येकांचं खातं गावच्या बँकेत, एटीएम कार्ड भावाकडे. आहारतज्ज्ञांनी बदामाचा तक्ता गुंडाळून ठेवला आणि ताईंबरोबर बाजारात फिरल्या. नवा तक्ता शेंगदाणे, फुटाणे, अंडी, नाचणी आणि खाडीकाठच्या कोळणींकडची सुकट यांवर बेतला. मैत्रीण आणि तिचे विद्यार्थी शिधापत्रिकांच्या मागे लागले. गावचं रेशनकार्ड आता इथल्या दुकानातही चालतं, हे निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांना दुकानदारानं परत पाठवलेलं. विद्यार्थी सोबत उभे राहिले की धान्य मिळायचं. विद्यार्थ्यांची परीक्षा आली की प्रश्न पडायचा.

वर्ष संपलं. देणगीदाराला हवं होतं एक वाक्य, ‘क्षय इतक्या टक्क्यांनी घटला’. सरांनी ठाम नकार दिला. रुग्ण मोजके, वर्ष एकच, आणि संध्याकाळची ओपीडी सुरू झाल्यावर सापडणारे रुग्ण उलट वाढले, कारण पूर्वी जे येतच नव्हते ते आता येतात. वाढलेला आकडा ही चांगली बातमी आहे, हे अहवालात समजावून सांगायला सरांना दोन पानं लागली. त्यांनी एवढंच लिहिलं, की भिंतीवरच्या पट्ट्यातल्या नव्या ओळी जुन्या ओळींपेक्षा आखूड आहेत. देणगीदारानं अहवाल स्वीकारला, पुढच्या वर्षाचे पैसे दिले नाहीत.

शेड टिकेल, तिला पाटी आहे. लट्टूचं बेअरिंग अधूनमधून बघावं लागतं, ते तो रबाळ्याचा माणूस बघतो, बरा झालाय आणि कामावर आहे. घरांमधले झरोके तसेच कागदावर. मैत्रीण घरमालकांशी ठरावीक मुदतीत भाडं न वाढवण्याचा लेखी करार करता येईल का, हे एका वकिलांना विचारतेय, म्हणजे गटात आता वकीलही आले. अडलंय ते ताईंच्या पहाटेच्या फेरीसाठी आणि संध्याकाळच्या दोन तासांसाठी. त्याला भत्ता हवा, आणि विश्वस्तांच्या बैठकीत तो विषय दर वेळी ‘पुढील सभेत’ जातो. रंगरंगोटी मात्र मंजूर झाली. सरांनी विश्वस्तांना तीन खाड्यांचा हिशोब रुपयांत मांडून पाठवलाय, त्याच्या शेजारी ताईंच्या भत्त्याचा आकडा. उत्तर यायचंय. तोवर आम्ही पाचजण दरमहा वर्गणी काढून तो भत्ता देतोय, आणि ही व्यवस्था टिकाऊ नाही, असं सरांनी वर्गणीच्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय.